शामकलाचा दोरा

तिरोड्याच्या विडी कारखान्यात शामकला मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन बसे आणि मी तिच्यासमोर पुस्तक घेऊन. आमची रीतच तशी होती. एकाने मोठ्याने वाचायचं आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या. अक्षरओळख नसलेल्या शामकलाला आमच्या लाडक्या कादंबरीकाराच्या साऱ्या कादंबऱ्या नुसत्या ऐकून पाठ होत्या. माझं एखादं वाक्य सुटलं की ती मागून वाचायला लावी. अगदी डोकं उठवायची.

ते कादंबरीकार वारले आणि वर्षभरात त्यांचं पहिलं चरित्र निघालं. आम्ही लगेच मागवलं. वाचता वाचता 'अखेरचे दिवस' हे शेवटचं प्रकरण आलं, तशी शामकला उठली आणि तेवढी पानं तिने विडीच्या दोऱ्याने करकचून बांधली.

"मरन नोको वाचू, जागेश्वर. पयल्या पानावर चाल."

सहा वर्षं आम्ही त्या दोऱ्यापर्यंत जाऊन मागे फिरत होतो.

१९३९ साली गोंदियाच्या केशोराव वकिलांनी आपल्या घरच्या छोट्या संग्रहालयात याच चरित्राचं प्रदर्शन मांडलं आणि वाचकांकडच्या जुन्या प्रती मागवल्या. आमचं पुस्तक काचेच्या पेटीत बसणार! मला तर रात्रभर झोप नव्हती. शामकला नवं लुगडं नेसली आणि गाडीत तिने पुस्तकाला मला हातही लावू दिला नाही.

केशोरावांनी तंबाखूने पिवळी पडलेली पानं कौतुकाने उलटली. दोऱ्यापाशी थांबले आणि कात्री काढली.

"बांधलेलं पुस्तक लोकांना काय दाखवू? दोरा कापू द्या, नाहीतर परत न्या."

माझं टाळकंच सटकलं. मी भांडायला तोंड उघडलं, पण शामकलाने कात्री बाजूला सारली. पुस्तक तिने आपल्याकडे ओढलं. मग तिने स्वतःच्या नखाने गाठ सोडली.

"वाच," ती म्हणाली.

मी उभ्या उभ्या वाचलं. प्रदर्शनाला आलेली माणसं भोवती जमली. शामकलाची बोटं हातात तेंदूचं पान नसतानाही विडी वळत राहिली. प्रकरण संपलं तसं तिने पदराने डोळे पुसले.

"आता पुन्ना पयल्यापासून."

"पुस्तक तर इथं राहणार ना?" केशोरावांनी विचारलं.

"पुस्तक आमाले लागते. तुमी पेटीत हा दोरा ठेवा."

केशोराव हसले नाहीत. त्यांनी पेटी उघडली आणि दोरा आत ठेवला. परतीच्या गाडीत बसल्याबरोबर शामकलाने मला पहिलं पान काढायला लावलं.