आतोबांचे मानाचे पागोटे

माणूस मनातून खूश असला तर मीठसुद्धा जास्त पिकते, असे प्रामाणिकपणे मानणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा कोपरीच्या अंगाला, खाडीकाठच्या एका मिठागराचे कारभारी होते. मालक मुंबईचे शेटजी. ते हंगामात एकदोनदा घोडागाडीतून येत, नाकाला रुमाल लावून बांधावरून फिरत आणि मिठाच्या राशी पाहून परत जात. आतोबांच्या आधीचा कारभारी छडी घेऊन उभा असे. उशिरा आलेल्याला दंड, खाली बसलेल्याला दंड, बायकोशी दोन शब्द बोललेल्याला दंड. आतोबांनी आल्याआल्या दंड बंद केला आणि छडी खाडीत फेकली. ती भरतीबरोबर परत आली, तेव्हा घरी आणून आत्याच्या पडवळाच्या वेलाला टेकू म्हणून दिली. "दंडाने माणूस नुसता हलतो रे, काम करत नाही," असे ते मला म्हणाले. मी तेव्हा त्यांच्याच घरी राहत होतो, कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो आणि आमच्याकडे कोणी हलतही नव्हते, त्यामुळे मला ते वाक्य फार आवडले.

आतोबांचे हे वेड मिठागरापुरते राहिले असते तर बरे होते, पण ते घरीदारी सगळीकडे त्यांच्या बरोबर चाले. न्हावी दाढी करायला बसला की आधी त्याचे मन प्रसन्न आहे की नाही याची चौकशी होई. एकदा तो बिचारा खरोखरच दुःखी निघाला, त्याने सासरची सगळी कर्मकथा सांगितली, आणि आतोबा अर्ध्या गालाची दाढी घेऊन दुपारपर्यंत ऐकत बसले. टपाल कचेरीतल्या बाबूला ते "आज काम करताना आनंद वाटतोय ना?" असे विचारीत, मागे उभ्या असलेल्या लोकांना काय वाटत असे ते विचारीत नसत. जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधीच आमटीची स्तुती सुरू होई, कारण स्तुतीने हात चालतो असा त्यांचा सिद्धान्त होता. आत्या चाळीस वर्षांचा संसार केलेली बाई. ती म्हणे, "आमटी अजून वाढली नाही. आणि स्तुती पुरे झाली, तेवढा विहिरीच्या रहाटाचा दोर बदला." दोर काही बदलला जात नसे. पण आत्याही रागावत नसे. असल्या माणसावर रागावणे म्हणजे देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावर रागावण्यासारखे होते.

मिठागरावर मात्र त्यांनी खरोखर काम केले. दुपारच्या उन्हात टेकायला बांधावर झावळ्यांचा मांडव घातला, त्यात पाण्याचे रांजण ठेवले. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभे राहून आगरी बायाबापड्यांच्या टाचा भाताच्या खाचरासारख्या भेगाळत. आतोबा रोज सकाळी कोकमाच्या तेलाचा गोळा घेऊन मांडवात बसत आणि येईल त्याची टाच तपासत. तेल ते स्वतः कढवून लावीत. "टाच दुखत असली की माणूस पायाकडे बघतो, मिठाकडे नाही," हे त्याचे कारण. एकदा ते असेच मांडीवर काळू नावाच्या आगऱ्याचा पाय घेऊन बसलेले असताना शेटजींची गाडी आली. काळू घाबरून पाय ओढू लागला, तर आतोबांनी तो आणखी घट्ट धरला. शेटजींनी नाकावरचा रुमाल काढला. मग म्हणाले, "कारभारी, इथे चाकर कोण आणि धनी कोण, एवढे फक्त मला सांगा." आतोबा म्हणाले, "आधी हा पाय संपवतो, मग सांगतो."

शेटजींना विनोद कळत नसे, आणि हा विनोद नव्हताच. त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकले की राशी वाढलेल्या नाहीत, शेजारच्या मिठागरावर दंड आहे आणि तिथे वाढल्या आहेत. हा एक हंगाम देतो. मीठ वाढले तर मांडव राहील, तेल राहील, तुम्हीही राहाल. नाही तर दुसरा माणूस येईल आणि दंड परत सुरू होईल. आतोबांनी ही गोष्ट मिठागरावर कोणाला कळू दिली नाही. आत्याला आणि मला सांगितली, आणि आमच्याकडून देवापुढे शपथ घेतली की बाहेर बोलायचे नाही. "माझी नोकरी जाईल म्हणून ते राबले तर त्यात त्यांना आनंद कसला? ती धास्ती म्हणजे दंडाचीच धाकटी बहीण झाली," असे ते म्हणाले. नोकरी गेली तर पुढे काय, हा प्रश्न आत्याने विचारला. त्यावर त्यांनी भाजीची स्तुती केली.

पण काळजी त्यांनाही लागली असावी. कारण त्या वर्षी एका जत्रेत कुस्ती पाहताना त्यांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. जिंकलेल्या मल्लाला पागोटे बांधतात, लोक जयजयकार करतात आणि हरलेला पुढच्या वर्षीसाठी दुप्पट दंडबैठका काढतो. मग मिठागरावर हे का नको? त्यांनी मिठाचे वाफे दोन टोळ्यांत वाटले. एका टोळीचा म्होरक्या राघो, दुसरीचा काळू. हंगामाच्या शेवटी ज्याची रास मोठी त्याला सर्वांसमक्ष मानाचे पागोटे. स्वतःच्या पैशाने लाल, जरीकाठी पागोटे आणून त्यांनी मांडवात मध्यभागी टांगले. दोन्ही टोळ्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले आणि मुकाट्याने वाफ्यांत उतरल्या. आतोबांना वाटले, ईर्षा पेटली.

राशी चढू लागल्या, पण त्यांची चाल कुठल्याही स्पर्धेची नव्हती. एका दिवशी राघोची रास जरा वर गेली की दुसऱ्या दिवशी राघोची माणसे दुपारीच मांडवात येऊन पडत. काळूची रास बरोबरीला आली की मग दोघेही फावडी उचलत. आतोबा बांधावरून इकडून तिकडे धावत, दोघांनाही शाबासकी देत, घसा बसेपर्यंत. पावसाळा तोंडावर आला आणि राशींवर गवत घालायचा दिवस उजाडला, तेव्हा दोन्ही राशी जुळ्या भावंडांसारख्या उभ्या होत्या, आणि दोन्ही मिळून गेल्या वर्षीपेक्षा कमी होत्या. शेवटची टोपली टाकायला कोणी तयार होईना. राघो म्हणे, "तू टाक," काळू म्हणे, "आदी तू टाक." शेवटी आतोबांनी विचारले, "अरे, तुम्हाला जिंकायचं नाही का?"

राघो जरा लाजला. "कारभारी, आमची पोर ह्याचे घरान दिलीय. आमी जिकलो तं तिला तिकडं कोन काय बोलंल?"

"आनि आमी जिकलो तं सुनेचं तोंड उतरंल," काळू म्हणाला. "व्याह्याला चार मानसांत खाली बघाला लावाचा, ही काय रीत झाली?"

आतोबा खाली बांधावरच बसले. ते दोघे व्याही आहेत हे त्यांना ठाऊक होते. लग्नात स्वतः अक्षता टाकून, दोन्हीकडे जेवून आले होते. जगातल्या प्रत्येकाच्या मनाची चौकशी करणाऱ्या माणसाच्या हे एवढे ध्यानात आले नाही. मग ते मोठ्याने हसू लागले. त्यांनी पागोटे काढले, राघोच्या मुलीला बोलावले आणि तिच्या काखेतल्या तान्ह्याच्या डोक्याला ते गुंडाळले, कारण तो एकटाच दोघांचाही नातू होता. पागोट्यात ते पोर नाकापर्यंत बुडाले आणि भोकाड पसरून रडू लागले. सगळे मिठागर हसले. मी त्या दिवशी तिथे होतो. इतके खूश लोक मी कुठल्याही कामावर पुन्हा पाहिले नाहीत, आणि मला ते पाहून रडू येत होते.

शेटजी दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी राशी पाहिल्या आणि कामचुकारांची नावे विचारली. दोन नावे सांगितली असती तर कदाचित निभावले असते. आतोबा म्हणाले, "चूक माझी आहे. माणसं चांगली आहेत." संध्याकाळी ते घरी आले, आणि प्रथमच आमटीची स्तुती न करता जेवले. दुसऱ्या दिवशी आत्याने स्वतःच रहाटाचा दोर बदलून घेतला.

नवा कारभारी आला, दंड आला, मांडवाच्या झावळ्या कोणी जळणाला नेल्या. पुढच्या हंगामात राशी वाढल्या, हे मी सांगितलेच पाहिजे. आतोबांपासून आम्ही ते लपवले नाही. ते फक्त "बरं झालं" म्हणाले.

आतोबा आपण होऊन काम सोडून गेले, अशीच मिठागरावर समजूत होती. खरे कारण नव्या कारभाऱ्याच्या तोंडून बाहेर पडले, तेव्हा राघो आणि काळू एका सकाळी आमच्याकडे आले आणि ओटीवर बसले.

"आमाला सांगला का नाय?" राघोने विचारले.

"सांगितलं असतं तर तुम्ही धास्तीने मीठ काढलं असतंत," आतोबा म्हणाले. "ते मला नको होतं."

"धास्तीन कशाला, कारभारी?" राघो म्हणाला. "तुमचेसाठी काडला असता. दोगांनी मिलून."

माणसे कशाने खूश होतात याचा आतोबांनी जन्मभर विचार केला होता, पण आपण त्यांना आवडतो ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. पाहुणे चहा न घेता उठले. आतोबा त्यांना वाटेपर्यंत पोचवायला गेले आणि परत येईनात. आत्याने दोनदा हाक मारली, तेव्हा मी पाहायला गेलो. ते दोघे कधीच दिसेनासे झाले होते. आतोबा कुंपणाला धरून कोपरीच्या वाटेकडे पाहत उभे होते.

"त्यांना विचारायला हवं होतं रे," ते म्हणाले. "नुसतं विचारलं असतं, तरी झालं असतं."