परवान्याची गोळी

"जीभ वर करा," अक्का म्हणायच्या. गोळी घेणारी भडगावची म्हातारी असो की आमच्या गल्लीतले कापडवाले शेठजी, रिकामं तोंड दाखवल्याशिवाय सुटका नसे.

शेठजी ओशाळत. "अक्का, आम्ही काय चोर आहोत?"

"चोर नाही हो. पण यात भांग आहे. तोंडातून खिशात गेली की ती औषध राहत नाही."

तुम्हीही असा दवाखाना पाहिला असेल : एक खोली, एक खाट, कुलूपबंद कपाट. अक्का जळगावातल्या परवानाधारक वैद्य. शुद्ध केलेल्या भांगेची गोळी त्या जुनाट दुखण्याला, गेलेल्या झोपेला द्यायच्या. मात्रा ठरवून, समोर बसवून, आणि रुग्णासोबत कोणी असेल तरच. एकट्याला परत पाठवायच्या.

एकदा रावेरचा केळीचा ट्रकवाला आला. "अक्का, दोन द्या ना. लांब जानं शे."

"म्हनजे केळासंगे तू बी रस्तावर पडशी. चाल, निंघ!"

आई त्यांना डबा पाठवायची, तो मी पोचवायचे. मी कमी बोलायचे, त्याही. डबा ठेवायचा, कालचा उचलायचा, एवढंच आमचं नातं.

मग अक्कांच्याच हाडांत दुखणं शिरलं. डबे तसेच परत येऊ लागले. किल्ली कमरेला असून त्यांनी स्वतःसाठी कपाट उघडलं नाही. "वैद्याने स्वतःची मात्रा ठरवू नये," म्हणत त्या एस.टी.ने धुळ्याला गेल्या आणि तिथल्या वैद्यांकडून गोळी, मात्रा दोन्ही घेऊन आल्या. तरी पुडी उशाशी तशीच.

"घेत का नाही?" मी विचारलं.

"मन्हाजोडे कोन शे?" त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. सोबत कोणी हवं, हा नियम सांगत होत्या.

मी खाटेशेजारी बसले. "मी आहे."

गोळी घेऊन त्या आडव्या झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काहीतरी बोल गं."

मी पिशवीतलं कॉलेजचं इंग्रजी पुस्तक काढून मोठ्याने वाचू लागले. पान उलटताना थांबले, तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "कळत नाही काही. पण थांबू नको."

उन्हाळा लागेपर्यंत रोज दुपारी असंच चाललं.

त्या गेल्यावर सरकारी माणूस येऊन कपाटातलं औषध सील करून घेऊन गेला. खोलीत शिवणाचा क्लास सुरू झाला. एका दुपारी स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "कुणाला वाचून दाखवतेस गं?"

माझ्या खोलीत कुणी नव्हतं.