कावळ्यापुढचा शब्द आणि पिल्लाचा पाय

बायको गेली त्याच्या दहाव्या दिवशी रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. ऑक्टोबरचं ऊन. तासभर आम्ही उभे. रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन तिला शब्द देत होता. पोरगा म्हणाला, "आई, अप्पांना मी सांभाळीन." कावळा हलला नाही. कावळा काही खुळा नाही. व्याही म्हणाले, नातवाला चांगल्या शाळेत घालू. तो आधीच जात होता. माझी टाळू तापली, अनवाणी पाय भाजायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या त्या कुत्रीचं अन् तिच्या पिलावळीचं मी बघीन. झालं आता? ये."

आला.

म्हणजे चाळीस वर्षं माझ्यासंगं काढून बाईचा जीव अडकला होता कुत्रीत. माझ्यात नाही. हे चारचौघांसमोर सिद्ध झालं.

कुत्री गल्लीतलीच. तव्यावरची पहिली भाकर तिची, दुसरी माझी. मी तिला कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि बायकोनं त्यावरून भांडायचं कधी सोडलं नाही. पिलावळ हा शब्द मी घाईत जोडला होता, पण कुत्रीनं तो ऐकला असावा. उन्हाळ्यात तिनं चार पिल्लं घातली. तीन लोकांनी नेली. चौथ्याचं तोंड तव्याच्या बुडासारखं काळं, ते कुणी नेईना. मग ते माझ्या पायरीवर ठेवून आई दुसऱ्या गल्लीत राहायला गेली.

वर्षश्राद्धाला दीड-दोन महिने होते. सकाळी बाजारातून मेथीची जुडी घेऊन आलो आणि मोपेड पायरीजवळ मधल्या स्टँडवर चढवली. गाडी आली की पिल्लू धावत यायचं, हे मला माहीत होतं. तरी खाली बघितलं नाही. स्टँड त्याच्या मागच्या पायावर आला.

त्याचं ओरडणं मी इथं लिहीत नाही.

मी चाळीस वर्षं मखमलाबादेकडच्या द्राक्षबागांत कलमं बांधली. शाळा चौथीपर्यंत, पण पाचर तासून काडी बसवावी आणि पट्टी आवळावी ती मीच, असं बागवाले म्हणायचे. मजुरी वाढवून मागितली की म्हणायचे नाहीत. तर मोडलेलं जोडायचं म्हणजे आपलंच काम. बांबूच्या दोन कामट्या लावल्या, वरून कलमाची प्लास्टिकची पट्टी, चांगली आवळून. कलमाला हवा शिरली तर काडी वाळते. दुपारपर्यंत पिल्लाचा पंजा वांग्याएवढा झाला.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बाबा, गंगेवर नेऊन सोडा त्याला. देव बघंल."

"देवाला नाशकात लय कामं हायत," मी म्हणालो.

पुण्याला पोराला फोन लावला. तो शांतपणे बोलला. त्याला शांतपणे बोलायचाच पगार मिळतो. "अप्पा, रस्त्यावरचं कुत्रं आहे ते. इमोशनल होऊ नका. आधी बजेट ठरवा, मग त्यात काय बसतं ते बघा."

बजेट मला शिकवू नको, म्हणालो. बायकोला छातीत जळजळायला लागलं तेव्हा बजेट मीच ठरवलं होतं. आल्याचा रस दिला. डॉक्टरकडं छाटणी आटपल्यावर जाऊ, दोन पैसे हातात असतील, असं सांगितलं. ती बरं म्हणाली. छाटणीपर्यंत ती थांबली नाही. सगळं बजेटात बसलं.

पिल्लू मेथीच्याच पिशवीत घातलं, पिशवी हँडलला अडकवली आणि गंगापूर रोडच्या बाजूला जनावरांच्या डॉक्टरीण बाईंकडं गेलो. बाहेर पाऊस. आत एक कुत्रं माझ्यापेक्षा भारी रेनकोट घालून बसलं होतं. त्याची मालकीण माझ्या पिशवीकडं बघून सरकून बसली.

डॉक्टरीण बाईंनी आधी कात्रीनं पट्टी कापली. "हे कुणी बांधलं?"

"कलमवाल्यानं."

"पुन्हा नेऊ नका हं त्याच्याकडे. आणखी थोडा वेळ राहिलं असतं तर पंजा गेला असता."

"नाही नेणार," मी म्हणालो.

फोटो काढला. नडगीचं हाड दोन तुकडे, पण जागेवर. बाई म्हणाल्या, एक, ऑपरेशन करून आत प्लेट, म्हणजे धातूची पट्टी, आणि स्क्रू बसवायचे. त्याचा आकडा ऐकला आणि वर्षश्राद्धाचं सगळं जेवण, गुरुजींसकट, त्या पट्टीखाली गेलेलं दिसलं. दुसरं, प्लास्टर. ते माझ्या ऐपतीत होतं.

माझ्या तोंडात प्लास्टर आलंच होतं. गिळलं. म्हणालो, "बाई, ते स्वस्त हाय म्हणून सांगता, का पुरतं म्हणून?"

हे विचारायला मला एक वर्ष उशीर झाला होता. बाईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी नीट सांगितलं, "लहान आहे, हाड लवकर जुळतं. पण सहा आठवडे पळता कामा नये. ते होणार नसेल तर प्लेटच बसवा, मी मागं लागेन. घरात कोण असतं?"

"मी."

"आणखी कोणी?"

"नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मग प्लास्टर पुरेल."

घरात कुणी नसल्याचे मार्क मला पहिल्यांदा मिळाले.

द्राक्षाचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधले, आत जुनं लुगडं घातलं. पायरीवर पाऊस, म्हणून क्रेट घरात आणावा लागला. चुलीपाशी गळतं, म्हणून भिंतीला. तिथं तिचा फोटो. ती हसत होती असं म्हणणार नाही. फोटो आधारकार्डाचा मोठा केलेला आहे, त्यात कुणी हसत नाही. मी फोटोला एवढंच म्हणालो, "बोलू नको."

सहा आठवडे मी कुठं गेलो नाही. दाराबाहेर पाय टाकला की ते क्रेटात उड्या मारायचं. पहिली भाकर त्याची. माझ्या भाकरी करपलेल्या, तरी खायचं. दिवसातून चार वेळा उचलून अंगणात न्यायचं, म्हातारा माणूस कुत्र्याला मुतायला धरून उभा. शेजारणीला करमणूक झाली.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, बाई म्हणाल्या, आता हळूहळू टेकवेल. घरी आल्यावर त्यानं पाय पोटाशी धरला आणि तीनच पायांवर चाललं. दुसऱ्या दिवशीही तीनच. मी पोळी दाखवली, ओरडलो, शेवटी हात जोडले. कलम धरलं की नाही हे कोंब फुटेपर्यंत कळत नाही, हे दुसऱ्यांना सांगणं सोपं असतं.

श्राद्धाला माणसं जमली. बेत मी साधा ठेवला होता, ते व्याह्यांनी दोनदा बोलून दाखवलं. कावळ्याचा घास अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवला, कुत्र्याचा पिल्लापुढं. या वेळी कावळा लगेच उतरला. सगळ्यांनी हात जोडले.

पिल्लानं आपला घास सोडला आणि कावळ्यावर धाव घेतली. चारही पायांवर. दगडावर उडी मारली, कावळा उडाला, त्याचा घासही ह्यानंच खाल्ला.

"अरेरे," व्याही म्हणाले, "बाईंचं काही तरी राहिलंय. अप्पा, शब्द द्या पटकन."

"अप्पा, द्या ना," पोरगा म्हणाला.

मी पायाकडं बघत होतो. दगडावर नीट टेकलेला होता, थोडा बारीक, पण टेकलेला. कावळा समोरच्या भिंतीवर बसून होता.

"बघितलंस ना?" मी त्याला म्हणालो. "जा आता."