लावणीच्या बांधावर वात, पित्त आणि कफ

आमच्या घराण्यात आजवर कोणी डॉक्टर झालं नाही. मी मात्र एका रविवारात वैद्य झालो.

झालं असं, की खोपोलीला शिळफाट्याजवळच्या एका हॉलमध्ये आयुर्वेदाचं मोफत शिबिर होतं. (नाश्ता आणि जेवणासकट. मी ज्ञानासाठीच गेलो होतो, पण कोणी प्रेमाने वाढलं तर नाही म्हणू नये.) वैद्यबुवा बोलायला मोठे गोड. म्हणाले, शरीर वात, पित्त आणि कफ या तिघांवर चालतं. तिघं समतोल राहिले की आरोग्य, एक जरी माजला की रोग. मला एकदम पटलं. आमच्या भावकीचंही अगदी असंच आहे!

घरी आलो तो मला माणसं माणसं दिसेनात. साजगावच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, त्यामुळे समोर येईल ती वस्तू कुठल्या तरी खणात टाकायची हाताला सवयच. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींमागे उगाच धावणारा आमचा कुत्रा, वात. दिवसभर बसून रवंथ करणारी म्हैस, कफ. बायको सुनंदा, पित्त. (हे निदान मी दाराजवळ उभं राहून, पायात चपला घालून सांगितलं.)

"आन तुमी कोन?" सुनंदाने विचारलं.

"मी समप्रकृती. तिन्ही समान. फार दुर्मीळ असतात अशी माणसं."

"हां, ते हाय खरं. तुमच्यासारकं दुसरं मी नाय बघितलं."

मला वाटलं, कौतुक करतेय!

एवढ्यावर भागलं असतं, पण भाताची लावणी आली. आमच्याकडे लावणीला मजूर लावत नाहीत. आज सगळा गाव आमच्या शेतात, उद्या माझ्या चुलतीच्या, परवा आणखी कोणाच्या. ज्याचं शेत त्याने दुपारी सगळ्यांना बांधावर जेवण घालायचं. तांदळाच्या भाकऱ्या आणि आमसूल घातलेली झणझणीत सुकट. हा कायदा आहे. तो कोणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

माझी कंबर धरलेली, म्हणून सुनंदा चिखलात उतरली आणि जेवण माझ्याकडे आलं. जाताना सांगून गेली, "भाकऱ्या करून ठेवल्यात. सुकट साफ करून डब्यात हाय, निस्ती फोडणी द्या. आन डोकं चालवू नका."

ते शेवटचं तेवढं राहून गेलं!

सुकट म्हणजे तिखट, आंबट, खारट! पित्ताला आमंत्रणच की! शिकलेल्या माणसाने हे होऊ द्यायचं? मी डबा माळ्यावर ठेवला. भाकऱ्या जड, म्हणून त्या टोपलीतच राहू दिल्या. आणि शास्त्रोक्त तीन पातेली तयार केली. वाताला तुपातला गुरगुट्या भात, पित्ताला बिनमिरचीचा दुधी, कफाला ज्वारीच्या लाह्या आणि सुंठीचं पाणी. झाकणांवर खडूने अक्षरं घातली आणि शेजाऱ्याच्या टेंपोतून ऐटीत शेतावर आलो.

प्लास्टिक पांघरून मंडळी बांधावर बसली होती. सगळ्यांत पुढे माझी चुलती, काकी. गावातली लावणी तिच्या हाकेवर चालते. तिने हात पुढे केला. मी तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या.

"ह्ये काय रं, दिन्या?"

"काकी, तू कफ प्रकृतीची. तुला हलकं."

"सकाळधरनं वाकून कंबार मोडली माजी, आन मला हलकं? लाया खायाला मी काय नागोबा हाय?"

"असं रागावू नये. पित्त वाढतं."

"आता तं कफ म्हनला ना रं मला?"

"थोडं पित्तही दिसतंय. मिश्र आहेस."

काकीने लाह्या पातेल्यात परत टाकल्या आणि उठली. "चला गं बायांनो, घरला. सुकट नाय तं लावणी नाय!"

बाया उठल्या. त्यांच्यामागे बाप्ये उठले. अर्धं शेत अजून मोकळं, उपटलेल्या रोपांच्या मुठी चिखलात पडलेल्या, आणि उद्या सगळी माणसं काकीच्या शेतात. आज लावलं नाही तर रोपं माना टाकणार आणि घरात भात येणार निम्मा. सुनंदा गुडघाभर चिखलात उभी होती. तिने हातातली मूठ चिखलात टाकली आणि पदर खोचला. ते बघूनच मी घाबरलो.

"थांबा!" मी म्हटलं. "खुद्द वैद्यांनाच विचारू!" आणि शिबिरात मिळालेला नंबर लावून, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. (ही कल्पना कोणी सुचवली नव्हती. माझीच.)

"वैद्यबुवा, लावणीच्या माणसांना मी लाह्या आणि दुधी देतोय, आणि ही मंडळी सुकट मागतायत. तुम्हीच समजवा."

"लाह्या? अहो, पावसात भिजून राबणाऱ्या माणसांना? पावसाळ्यात वात वाढतो. म्हणून आंबट, खारट, तेलातुपाचं खावं. कोणी सांगितलं तुम्हाला हे लाह्यांचं?"

"तुम्हीच! शिबिरात."

"पावसाळ्याचं तर मी दुपारी जेवणानंतर तासभर सांगितलं. कुठे बसला होतात?"

"मागे. पंख्याखाली."

"अच्छा, म्हणजे ते घोरत होते ते तुम्ही!"

सगळा बांध हसला. पलीकडच्या शेतातलेही हसले. काकी तर हसता हसता खालीच बसली आणि फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "वैदा, सुकट चालंल ना रं मला?"

"आजी, जन्मभर खाताय, पचवताय आणि वर एवढं काम करताय. तुम्हाला कोण नको म्हणणार?"

मग काय! टेंपोतून घरी गेलो, माळ्यावर चढलो, फोडणी दिली, भाकऱ्यांची टोपली घेऊन परत आलो. मंडळी बोटं चाटत जेवली. माझी पातेली बांधापलीकडे चरणाऱ्या आमच्या म्हशीपुढे ठेवली, तर तिने हुंगून तोंड फिरवलं.

"उशीर कुनामुलं झाला?" काकीने हात धुता धुता विचारलं. "उतर चिखलात!"

कंबर धरलेली असतानाही उतरलो. अंधार पडायच्या आत शेत लावून झालं, आणि मधला एक पट्टा माझ्या हातचा झाला.

आता भात चांगला वर आलाय. रस्त्याने जाणारे थांबून विचारतात, "वयनी, शेत झकास हाय. पन मदला त्यो पट्टा आसा वाकडातिकडा का?"

सुनंदा अगदी शांतपणे सांगते, "तो आमच्या यांनी लावलाय. समप्रकृती हायत ते. फार दुर्मीळ आसतात."