कोऱ्या बाटलीतली टेकडी

घरी तिला सगळे शंकेखोर म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. दुधाची पिशवी फोडली की आधी तारीख, मग वास, मग पुन्हा तारीख. "अगं, नासलंय म्हणून एकदाचं जाहीर तरी कर, मी कोरा चहा पिते," सासूबाई म्हणत. नवरा ताटावर बसला की विचारी, "रिपोर्ट आला का?"

प्रयोगशाळेत मात्र याच गुणावर तिची एकोणीस वर्षं निघाली होती. रक्तदाबाच्या गोळ्या कुटायच्या, द्रावणात घालायच्या, मशीनला द्यायच्या आणि त्यांत नायट्रोसामाइन शोधायचं. कणभरच असतं, पण गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याला त्या कणानेही कॅन्सरचा धोका वाढतो. दर खेपेला एक बाटली कोरी जायची, नुसत्या द्रावणाची. तिच्या आलेखावर सरळ रेघ यायला हवी; टेकडी उठली, म्हणजे नायट्रोसामाइन आहे.

त्या सोमवारी कोऱ्या बाटलीनेच टेकडी काढली.

औषधच नाही, तर हे आलं कुठून? तिची नजर मोरीकडे गेली. बाटल्या धुणाऱ्या मावशी कंत्राटावर होत्या आणि हल्ली त्यांचं कामात लक्ष नाही, असं तिचं मत होतं. तिने साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, शुक्रवारी कंत्राट संपतंय, वाढवत नाही.

गुरुवारी मावशी तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, माझं नाव घेतलंत म्हणे."

"मी बाटल्यांचं बोलले."

"बाटल्या काय आपल्या आपण धुतल्या जातात?" मावशींनी भिजून सुरकुतलेले हात पुढे केले. "मला ग्लव्ह्ज देत नाहीत. उघड्या हाताने घासते, शेवटी तुमचं ते शुद्ध पाणी तीनदा फिरवते. तुमच्या ग्लव्ह्जचा मात्र नवा खोका आलाय मागच्या आठवड्यात. टायरच्या दुकानासारखा वास मारतो. त्याच्यावर नाही आला संशय?"

आता ही मला शिकवणार, असं तिच्या मनात आलं. पण शंका एकदा शिरली की तिला चैन पडत नसे. नव्या ग्लव्हचं एक बोट कापून तिने द्रावणात भिजत घातलं. शिवाय जुन्या खोक्यातले ग्लव्ह्ज घालून, मावशींनीच धुतलेल्या बाटलीत कोरं द्रावण भरलं.

जुन्या ग्लव्ह्जची रेघ सरळ आली. रबरी बोटाने त्याच जागी टेकडीचा डोंगर केला होता.

नवा खोका तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हा नियम तिनेच लिहिला होता. खोका फोडलाही तिनेच, घाईत. आलेख अजून कुणी पाहिला नव्हता. खोका कचऱ्यात गेला आणि मावशी घरी गेल्या की विषय मिटला. आपण खुर्चीतून उठत का नाही, या विचाराने तिला स्वतःचाच संशय आला, तेव्हा कुठे ती उठली.

"म्हणजे आठवड्याचं काम पुन्हा?" साहेबांनी कपाळावर हात मारला.

"पुन्हा. आणि चूक माझी आहे, माझ्या नावावर लिहा. मावशींचं कंत्राट थांबवू नका."

पुढच्या सोमवारी मावशींनी धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे तिच्यापुढे ठेवला, वर एक वही.

"बघून घ्या, आणि इथे सही करा. रोज."

"माझ्यावर विश्वास नाही का, मावशी?"

"नाही," मावशी म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढून दिलं.