भाच्याचा टॉवेल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला थोडंफार कळलं असेल, पण तिनं कधी विचारलं नाही आणि मी... तुम्हाला सांगतो.

दर्यापूरपासून थोडं आत आमचं गाव. माझं बी-खताचं दुकान. आणि मी जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. शिक्षक येतात, टिकत नाहीत — हे माझं ठरलेलं भाषण. सकाळी काळीपिवळी जीपमधून उतरणार, शाळा सुटली की तीच गाडी पकडणार, आणि बदली झाली की गेले. शिक्षकानं गावातच राहावं असा नियम आहे. म्हणून त्यांचा घरभाडे भत्ता थांबू नये यासाठी दरवर्षी ग्रामसभेत आम्ही खोटाच ठराव घेतो, की सगळे शिक्षक गावातच राहतात. सगळे हात वर करतात. मीही.

मग इरफान सर आले. अकोल्याचे. गणित शिकवायचे. गणिताच्या दिवशी पोट दुखतं म्हणणारी माझी मुलगी जेवताना भाकरीचे आठ तुकडे करून आजीला विचारू लागली, "तीन खाल्ले त उरले किती?"

एका संध्याकाळी सर दुकानात आले.

"भाऊ, जाऊन-येऊन जीव जाऊन राहिला. अम्मीले घेऊन गावातच राहीन म्हणतो. तुमच्या मागच्या खोल्या रिकाम्याच आहेत ना?"

जो माणूस मी भाषणांत मागत होतो, तो समोर उभा होता. आणि मी म्हणालो, "भाचा येऊन राहिला ना माझा, अमरावतीहून. शिकायले."

मला भाचाच नाही. आणि अमरावती सोडून आमच्या गावात शिकायला कोण येतं? पण तोंडातून तेच निघालं.

का? मी अजून शोधतो आहे. ईदला मी त्यांच्या लोकांकडे शिरखुर्मा पितो. लहानपणचा मित्र सलीम — त्याच्या लग्नात मी पंगत वाढली आहे. मग माझ्या अंगणात त्यांची चूल नको, हे माझ्यात कुठे बसलं होतं? लोक काय म्हणतील — पण लोकांना मी विचारलं कुठे? उलट माझी आईच म्हणाली, "देऊन टाक ना खोल्या मास्तरले. काहून रिकाम्या ठेवून राहिला?" तरी मी दिल्या नाहीत. म्हणजे ते माझंच होतं.

सरांचा जीपकडे जायचा रस्ता माझ्या घरामागून. म्हणून मी मागच्या दोरीवर एक टॉवेल टाकला. जोडीला एक शर्ट. रोज सर जायच्या वेळेआधी कपड्यांची जागा बदलायचो. चांगला पन्नाशीचा माणूस — काय करत होतो मी?

एक दिवस सर थांबले. "भाचा दिसत नाही कधी?"

"अभ्यासू आहे. बाहीर निंगत नाही."

"मंग पाठवा ना त्याले. मधल्या सुट्टीत गणित घेतो मी त्याचं."

हो म्हणालो. आणखी काय म्हणणार?

त्यांनी अकोला जिल्ह्यात बदली मागितली. ती मिळाली. निरोपाला शाल-नारळ दिलं आणि मी माझं भाषण केलं — चांगला शिक्षक या गावात का टिकत नाही, काय कमी आहे आपल्याकडे? लोकांनी माना डोलावल्या. सर खाली बघत होते.

जीपमध्ये बसताना त्यांनी माझा हात धरला. "भाच्याले सांगजा भाऊ, गणित अवघड नसते."

त्यांना ठाऊक होतं का? चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. मी नीट पाहिलंही नाही. केव्हापासून ठाऊक असेल? पहिल्याच संध्याकाळपासून?

त्यांची जागा अजून रिकामी आहे. एकच बाई दोन वर्ग सांभाळतात. मुलीचं पोट पुन्हा दुखू लागलं आहे.

ते गेले त्या संध्याकाळी मी मागे गेलो आणि दोरीवरचा टॉवेल काढला. तो आता कोणाला दाखवायचा नव्हता.