धक्का कोणी दिला?

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. चूक माझ्या कानाची होती, आणि तिच्यापायी एक निरपराध माणूस खुनाच्या आरोपाखाली आत जाणार होता.

युद्धाचे दिवस होते. जबलपूरच्या कारखान्यांचे भोंगे तिन्ही पाळ्यांना वाजत. मी शहरातल्या एका ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो, वय कोवळं, मिशी मात्र डीएसपीला शोभेलशी. एका सकाळी रोजनामच्याची पहिली ओळ वाळायच्या आत शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातला एक दुकानदार ठाण्यात शिरला. त्याचा धाकटा भाऊ कारखान्यात कामगार. सीलबंद माल घेऊन मालगाडीबरोबर मुंबईला गेलेला. परत आला तो फक्त त्याचा जोडीदार, दीक्षितपुऱ्यात राहणारा एक मराठी फिटर. दुकानदारानं त्याचं घर गाठलं, तर फिटर डोळे पुसत एवढंच म्हणाला, "भैया, वो धक्के से गया।" पुढे तोंडाला कुलूप. वर, निघण्याआधी दोघांचं पाळीवरून कँटीनमध्ये कडाक्याचं भांडण झालेलं. ते सगळ्यांनी पाहिलेलं.

खबर, हेतू आणि संशयित, तिन्ही एकाच ताटात वाढून आले. तासाभरात मी फिटरला ठाण्यात आणलं.

आमच्या मुन्शींचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी हिंदीत बयान घ्यायला सुरुवात केली. आदमी कैसे गया?

"धक्के से गिरा, साहब। सीधे पानी में।"

"धक्का किसका था?"

"उस दिन तो हमारा ही था।"

मुन्शींनी बयान वाचून दाखवलं, फिटरनं मान डोलावली. मी मनात टाळी वाजवली. निर्ढावलेले गुन्हेगार शेवटपर्यंत कानावर हात ठेवतात, आणि हा स्वतःच गळ्यात फास अडकवून घेत होता. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण तरुण अधिकाऱ्याचं लक्ष शाबासकीकडे असतं. घटना नेमकी कुठे घडली, हे तो सांगेना. मालाची वाट कुणाला सांगणार नाही, असं कारखान्यात लिहून दिलं होतं; तोंड उघडलं तर नोकरी जाईल, म्हणाला. मला ती गप्प राहण्याची गोष्टही पुराव्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. कलम तीनशे दोन. रिमांडचे कागद तयार होते, फक्त माझी सही बाकी. सहीआधी एकदा मराठीत विचारून घ्यावं, म्हणून मी खुर्ची ओढली.

"खरं सांग. धक्का कोणी दिला?"

"रेल्वेनं."

मी टेबलावर हात आपटला. "पोलिसाची थट्टा करून राहिला का? धक्का कोणी दिला?"

"रेल्वेनंच दिला, साहेब. कारखान्याला, तीन दिवसांसाठी." तो रडकुंडीला आला. "बांधला पण रेल्वेनंच."

बांधला.

माणूस धक्का देतो, मारतो, खातो. बांधत कुणी नाही. माझं पेन हवेतच राहिलं. मी त्याच्या हातात खडू दिला आणि म्हणालो, काढून दाखव.

त्यानं फरशीवर समुद्र काढला. त्यात शिरलेली दगडाची लांब जीभ काढली आणि तिच्या टोकापर्यंत दोन रूळ. तिथल्या म्हाताऱ्या जमादारानं त्याला सगळा इतिहास ऐकवला होता. पूर्वी जहाजं लांब उभी राहत आणि माल छोट्या होड्यांतून जाई. अर्धा भिजे, थोडा चोरीला जाई. म्हणून रेल्वेनं आधी लाकडी खांब ठोकले, मग दगड रचला आणि आपली वॅगन थेट जहाजाच्या पोटाशी नेली. मुंबईची माणसं त्याला धक्का म्हणतात. मी जन्मानं मराठी, पण नर्मदेकाठचा. मला ग्वारीघाट माहीत, तिलवाराघाट माहीत. धक्का म्हणजे बाजारात लागतो तो.

तो कामगार ओल्या रुळावरून घसरून पाण्यात पडला होता. पहारेकऱ्यांनी फाटक बंद केलं आणि फिटरला रिकाम्या गाडीबरोबर परत धाडलं. जोडीदार मेला की वाचला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पत्र येईपर्यंत गप्प राहा, एवढाच फोरमनचा हुकूम.

मी बंदरावरच्या ठाण्याला ट्रंककॉल लावला. लागायला तीन तास गेले. समोरच्या बाकावर दुकानदार फिटरकडे एकटक बघत होता, फिटर जमिनीकडे, आणि मी काळ्या टेलिफोनकडे.

माणूस जिवंत होता. मांडीचं हाड मोडलेलं, दवाखान्यात नाव चुकीचं लिहिलेलं. शुद्धीवर येताच त्यानं स्वतः सांगितलं होतं, पाय घसरला म्हणून.

दुकानदार उठला, फिटरजवळ गेला. "भैया, मैंने तो समझा..." त्यानं फिटरचे दोन्ही हात धरले.

नोकरी संपल्यावर मी तो धक्का मुद्दाम बघून आलो. त्याचं काम कधीच मोठ्या गोद्यांकडे गेलंय. चारी बाजूंनी गाळ, त्यातून रुळांची डोकी तेवढी दिसतात, वर कोळ्यांची जाळी वाळतात.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. अवघड शब्दाची भीती नसते, त्याचा अर्थ आपण विचारतो. माणूस फसतो तो सगळ्यांना ठाऊक असलेल्या शब्दात. पुढे प्रत्येक बयानात मी समोरच्याला विचारत गेलो, म्हणजे काय, हातानं दाखव. मुन्शी वैतागायचे.

त्या दिवशी फिटरला सोडल्याची नोंद करून मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो. पायरीवर तो थांबला.

"मुन्शीजींचं जाऊ द्या, साहेब. तुम्ही तर आपले मराठी. तुम्हाला काहून नाही समजलं?"

वकिलांनी मला आयुष्यभर उलटतपासणीत घोळात घेतलं, आणि दरवेळी माझ्याकडे उत्तर होतं. त्या पायरीवर मी फक्त कानाची पाळी पकडली.